नंबर कामासाठी दिला होता

पिंपळगाव बसवंतला टोमॅटोचा हंगाम सुरू झाला की बाजार समितीत क्रेटच्या थप्प्या लागतात. पुढे द्राक्षं आली की बायका घड निवडायला आणि पेट्या भरायला पॅकहाऊसमध्ये बसतात. उद्या किती जणी लागणार, गाडी किती वाजता येणार, हे आता फोनवर कळतं. त्यासाठी मुकादमाकडे नंबर द्यावाच लागतो. आणि मग एखाद्या रात्री साडेदहाला मेसेज येतो : ‘जेवलीस का?’ दुसऱ्या रात्रीही येतो. उत्तर दिलं तर गोष्ट वाढते. ब्लॉक केलं तर उद्याचा रोज बुडू शकतो.

या पेचाला कायद्यात जागा मिळायला दीडशे वर्षं लागली.

1860च्या भारतीय दंड संहितेत कलम 509 होतं. स्त्रीच्या विनयाचा अपमान करण्याच्या हेतूने काही बोलणं, हावभाव करणं किंवा तिच्या एकांतात घुसणं हा त्यात गुन्हा होता. म्हणजे बाईच्या खासगीपणाची दखल तेव्हाच घेतली गेली होती. पण मोजमाप होतं ‘विनय’. आजही बातम्यांत दिसणारा ‘विनयभंग’ हा शब्द त्याच कल्पनेवर उभा आहे. तिला काय नको होतं, यापेक्षा तिचा विनय भंगला का, हा प्रश्न आधी यायचा. ‘जेवलीस का?’ने विनय भंगतो, हे कुठल्या कोर्टात सिद्ध करणार?

हे मोजमाप बदललं, त्याच्या मुळाशी एका खेड्यातली बाई होती. भंवरीदेवी राजस्थान सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथीन’ होत्या. बालविवाह रोखणं हा त्यांच्या कामाचाच भाग. ते काम केलं म्हणून 1992 साली त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. 1995मध्ये खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. पण ‘विशाखा’ आणि इतर संघटनांनी सर्वोच्च न्यायालयात वेगळा प्रश्न नेला : काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी कोणाची? 13 ऑगस्ट 1997च्या निकालाने ती मालकावर टाकली. छळाच्या व्याख्येत मध्यभागी शब्द आला तो ‘नकोसं’ वर्तन. नकोसं कोणाला? तिला.

नियम झाले, पण बरेचसे कागदावरच राहिले. पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी हे पत्र लिहून सर्वोच्च न्यायालयाला कळवलं. त्या पत्राचीच याचिका झाली. 19 ऑक्टोबर 2012च्या निकालात न्यायालयाने राज्यांना अंमलबजावणीवरून खडसावलं. दोनच महिन्यांनी दिल्लीतली ती घटना घडली आणि देश रस्त्यावर आला.

2013मध्ये दोन बदल झाले. स्त्रीने स्पष्ट नकार दिल्यावरही जवळीक वाढवण्यासाठी पुरुषाने पुन्हापुन्हा संपर्क करणं हा गुन्हा ठरला. आज तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78मध्ये आहे. आणि 9 डिसेंबरपासून कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा लागू झाला.

हा दुसरा कायदा फक्त एसी ऑफिसांचा आहे, असा समज आहे. तो चुकीचा आहे. रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली बाईही त्यात ‘कर्मचारी’ आहे. मालकाने पुरवलेली गाडीसुद्धा ‘कामाची जागा’ आहे. दहा किंवा जास्त माणसं असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. त्यासाठी नाशिकला हेलपाटे घालायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात एक अधिकारी नेमायचा आणि त्याने सात दिवसांत तक्रार पुढे पाठवायची, असं कायदा सांगतो. मुदत सर्वसाधारणपणे तीन महिन्यांची. तक्रारदाराचं नाव जाहीर करायला बंदी.

दर ‘जेवलीस का?’ म्हणजे छळ नव्हे. पण ‘कामाशिवाय मेसेज करू नका’ एवढं एकदा लिहून पाठवलं की त्यानंतरचा प्रत्येक मेसेज तारखेसकट पुरावा होतो. तो डिलीट करू नये.

मुकादमाचा नंबर प्रत्येकीच्या फोनमध्ये असतो. निफाड तालुक्याच्या त्या अधिकाऱ्याचा नंबर एखाद्या पॅकहाऊसच्या भिंतीवर लिहिलेला तुम्ही पाहिलाय का?