कात्रजचा नळ आणि पुण्याच्या सहली

सुट्टीच्या दिवशी मुलांना घेऊन निघालेल्या पुणेकराचे ठरलेले पत्ते आहेत. सारसबाग, कात्रज, बंडगार्डन, आणि पावसाळ्यात मक्याचं कणीस खायला खडकवासला. बांधकामावर ज्याची नजर बसली आहे, त्याला या चारही ठिकाणी एकच गोष्ट दिसते. ही सगळी पाणी अडवण्याची किंवा साठवण्याची ठिकाणं होती. पुण्याने सहलीला जायच्या जागा आपल्या पाण्याच्या वाटेवरच शोधल्या.

या वाटेची सुरुवात कात्रजच्या डोंगरात होते. आंबिल ओढा तिथूनच निघतो. 1750च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी तिथे दोन तलाव बांधले, एक वर आणि एक खाली. वरच्या तलावात गाळ बसायचा आणि निवळलेलं पाणी खालच्यात यायचं. तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे नऊ-दहा किलोमीटर जमिनीखालून दगड, वीट आणि चुन्यात बांधलेला नळ आला. नळ म्हटलं की आज डोळ्यांसमोर लोखंडी पाइप येतो. कात्रजचा नळ हे मात्र भुयारच आहे. माणूस त्यातून चालत जाऊ शकतो.

त्यात पंप नाही की चाक नाही. सगळं काम उताराचं.

उतार काढणं सोपं वाटतं, पण ज्याने स्वतः गटाराची शंभर फुटांची लाइन टाकली असेल, त्याला यातली मेख ठाऊक असते. उतार जास्त झाला तर पाणी बांधकाम खरवडतं, कमी झाला तर गाळ बसून नळ तुंबतो. मैलोन्‌मैल तो नेमका राखायचा, आणि तोही पाणसळ आणि ओळंबा यांच्या भरवशावर. हे करणाऱ्या गवंड्यांची नावं इतिहासात उरली नाहीत, पण त्यांचा हिशेब चुकला नव्हता. नळाच्या वाटेत मध्ये मध्ये खोलगट कुंड्या ठेवल्या होत्या. पाणी तिथे क्षणभर संथ व्हायचं, गाळ खाली बसायचा. वर जमिनीवर उच्छ्वास बांधले होते. आत कोंडलेली हवा त्यातून बाहेर पडे आणि सफाईसाठी माणसाला खाली उतरता येई. म्हणजे दुरुस्तीचा विचार बांधतानाच झाला होता. आज नव्या इमारतीच्या डक्टमध्ये प्लंबरचा हातही शिरत नाही. ते पाहिलं की या शहाणपणाची किंमत कळते.

शहरात शिरल्यावर हे पाणी हौदांत पडायचं. काळा हौद, बदामी हौद ही नावं अजून पत्त्यात राहिली आहेत. बड्या वाड्यांच्या चौकातही हौद असत. शनिवारवाड्यातल्या हजारी कारंज्याच्या जवळजवळ 200 धारा उडायच्या त्या याच पाण्यावर. पुढे नाना फडणवीसांनी आंबेगावाकडून सदाशिव पेठेच्या हौदासाठी वेगळा नळ आणला, तर रास्त्यांनी कोंढव्याहून.

पाणी दारात आलं, पण सगळ्यांच्या दारात नाही. सार्वजनिक हौदावर अस्पृश्यांना हात लावायची मुभा नव्हती. 1868मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. फरासखान्याजवळचा बाहुलीचा हौद डॉ. विश्राम रामजी घोले यांनी आपल्या दिवंगत लेकीच्या, काशीबाईच्या स्मरणार्थ सर्व जातींसाठी बांधला. पुण्याच्या पाण्याचा इतिहास सांगताना नळाची लांबी जेवढ्या अभिमानाने सांगितली जाते, तेवढ्याच अभिमानाने हे दोन हौद सांगायला हवेत.

आता सारसबाग. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेबांनी तळं करवलं, गावातून वाहणारा आंबिल ओढा पश्चिमेला वळवला. तळ्यातल्या बेटावर 1784मध्ये सवाई माधवरावांच्या काळात गणपती बसला. पाणी गेलं, बाग झाली, तरी नाव तळ्यातला गणपती हेच राहिलं. बंडगार्डनचा बंधारा 1850चा. पुण्याला पाणी मिळावं म्हणून सर जमशेटजी जिजीभाईंनी त्याला मोठी देणगी दिली, आणि शेजारी बाग फुलली. खडकवासल्याचं दगडी धरण 1879 च्या सुमारास पुरं झालं. कर्नल फाईफ यांच्या नावावरून त्याच्या जलाशयाला लेक फाईफ म्हणत. धरणाचं पाणी येऊ लागलं तसा कात्रजचा नळ मागे पडला.

12 जुलै 1961 रोजी मात्र पानशेतचं अर्धवट झालेलं मातीचं धरण फुटलं, त्या लोंढ्याने खडकवासलाही फोडलं. नदीकाठच्या पेठा उद्ध्वस्त झाल्या आणि शहराच्या तोट्या कोरड्या पडल्या. तेव्हा पेठांतल्या विहिरी आणि जुने हौद पुन्हा कामाला आले. पर्यायी पाणी म्हणजे काय, हे त्या पिढीला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आपल्या पिढीने ओढ्यालाही जागा ठेवली नाही. 25 सप्टेंबर 2019च्या रात्री आंबिल ओढा काठ सोडून घराघरांत शिरला. त्या रात्रीच्या पावसाने वीसहून अधिक माणसांचा बळी घेतला. पाऊस प्रचंड होता हे खरं. पण ओढ्याचं पात्र भिंती बांधून आवळलं कुणी? त्या भिंती पावसाने बांधल्या नव्हत्या.

आजही पेठांत वाडा पाडून पाया खणताना कधी जुन्या नळाची कमान उघडी पडते. काम थांबेल या भीतीने रातोरात तिच्यावर काँक्रीट ओतू नका. महापालिकेच्या हेरिटेज सेलला कळवा, फोटो काढा, मापं घ्या. आणि कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात मुलांना वाघ दाखवून झाला की तलावाचा बांधही दाखवा.