नाद वाचणारी सुई

कावेरीच्या खोऱ्यात, कुंभकोणजवळ, इन्नंबूर नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील शिवाला तमिळ भाषेत एळुत्तरिनाथर म्हणतात. अक्षरे जाणणारा स्वामी, असा त्या नावाचा अर्थ. चोळ राजाने देवालयाच्या कारकुनाकडे हिशेब मागितला, कारकून भयभीत झाला, आणि प्रत्यक्ष देवाने त्याचे रूप घेऊन जमाखर्च चोख मांडून दाखविला, अशी स्थलकथा सांगतात. मुलाच्या हाती पाटी देण्यापूर्वी त्याला या देवाच्या दर्शनास नेण्याची चाल तेथे आहे.

या प्रदेशात अक्षर लिहिण्याची जुनी रीत आपल्याकडील रीतीहून निराळी होती. मोडी लिहिणारा कारकून बोरूने कागदावर शाई उमटवी. कावेरीकाठचा लेखक मात्र लोखंडी लेखणीने ताडपत्रावर अक्षर कोरी आणि मग त्यावर काजळी चोळून ते डोळ्यांना दिसेल असे करी. व्यंकोजी भोसल्यांच्या मागोमाग मराठी भाषा तंजावरात गेली, तेव्हा तीही या कोरण्याच्या संस्कारातून सुटली नाही. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर १८०३ साली भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरला गेला, तो आजही तेथे वाचता येतो.

आवाजाची तबकडी ही याच कोरण्याच्या विद्येची दूरची नात म्हटली पाहिजे. ग्रामोफोन हे नाव अक्षर आणि ध्वनी या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून बनले आहे. एडिसनने १८७७ मध्ये कथलाच्या पत्र्यावर सुईने आवाज कोरला. बर्लिनर याने १८८७ मध्ये सपाट तबकडीची कल्पना पुढे आणली. तीत सुई खाचेत डावीउजवीकडे हलते. ताडपत्राहून येथे एक मोठा भेद आहे. ताडपत्र वाचणारा डोळा अक्षराला स्पर्श करीत नाही. तबकडी वाचणारी सुई मात्र खाचेवरून घासत जाते. जी वाचते तीच झिजविते. ग्रामोफोनच्या सुईचा सारा इतिहास म्हणजे ही झीज कमी करण्याचा इतिहास होय.

१९०२ च्या नोव्हेंबरात गैसबर्गने कलकत्त्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. त्या काळच्या तबकड्यांतील मुख्य द्रव्य लाख हे होते, आणि जगाला ती बव्हंशी हिंदुस्थानच पुरवीत असे. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असे. साउंडबॉक्सचा भार शंभर ग्रॅमहून अधिक; त्याखाली पोलादी सुई. पहिल्या काही फेऱ्यांत ती पूड सुईचे टोक घासून खाचेच्या आकाराचे करी. पुढे त्याच टोकाला धारदार कडा येत आणि त्या खाच कापू लागत. म्हणून एका बाजूस एक सुई असा नियम होता. काटकसरीने एकच सुई अनेक बाजूंना वापरली, तर पैशाची बचत होई आणि गाणे जाई.

काय जात होते, याचे एक उदाहरण पुरे आहे. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी दक्षिणेत वारंवार प्रवास केला आणि तेथील सरगमाचा संस्कार आपल्या गायकीत मुरविला. तंजावरच्या मराठी राजांच्या अमदानीत कावेरीकाठी तिरुवय्यारू येथे राहिलेल्या त्यागराजांची खरहरप्रिया रागातील एक कृतीही त्यांनी तबकडीवर गायिली. १९३७ च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेतच, सिंगपेरुमाळकोविलच्या स्थानकावर, त्यांचा अंत झाला. त्यानंतर त्यांचा आवाज ऐकावयाचा तर त्याला खाचांवाचून आधार उरला नाही. तीन मिनिटांची ती तबकडी ज्या घरी असेल, त्या घरची सुई ही त्या आवाजाची राखणदार तरी असते, नाही तर चोर तरी.

१९२५ नंतर ध्वनिमुद्रण विजेच्या साहाय्याने होऊ लागले आणि साउंडबॉक्सच्या जागी हळूहळू पिकअप आला. सुईची थरथर विजेत रूपांतरित करणारा त्याचा जो लहानसा डबीसारखा भाग, त्यालाच पुढे कार्ट्रिज हे नाव रूढ झाले. स्वस्त कार्ट्रिजात रोशेल क्षाराचा स्फटिक असे. तो भरपूर वीज देई, म्हणून साध्या रेडिओलाही जोडता येई. पण दमट हवा आणि उष्णता त्याला सोसत नसे. कावेरीचे खोरे किंवा कोकणपट्टी अशा ठिकाणी हा दोष लहान नव्हता. पुढे आलेले सिरॅमिक कार्ट्रिज या बाबतीत अधिक टिकाऊ ठरले.

१९४८ मध्ये लाँगप्ले तबकडी आली आणि खाच अरुंद झाली. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागे. लाँगप्लेला २५, आणि १९५८ पासून बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकडीला सुमारे १८. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बावीस मिनिटांच्या एका बाजूत सुई जवळजवळ अर्धा किलोमीटर चालते. एवढी वाट तिने तबकडी न दुखविता चालावी, यासाठी हिऱ्याचे टोक आणि फिरत्या चुंबकाचे, म्हणजे मूव्हिंग मॅग्नेट, कार्ट्रिज पुढे आले. त्याचा भार दीड ते तीन ग्रॅम इतकाच असतो.

आता तबकडी पुन्हा घराघरांत येत आहे आणि बेताच्या यंत्राला कोणते कार्ट्रिज घ्यावे हा प्रश्नही तिच्याबरोबर आला आहे. इतिहासाने त्याचे उत्तर अगोदरच दिले आहे. प्रथम पाहावयाचे ते कार्ट्रिज नव्हे, तर ज्या दांडीला ते बसवावयाचे ती दांडी. दांडीचे वजन आणि सुईचा लवचिकपणा मिळून एक झोका ठरतो. तो सेकंदाला आठ ते बारा आंदोलनांचा असावा. त्याहून मंद असेल, तर वाकड्या तबकडीचा हेलकावा सुईला डळमळवितो. फार वेगवान असेल, तर तो खर्जाच्या स्वरांत मिसळतो. म्हणून जड दांडीला ताठ सुई आणि हलक्या दांडीला लवचिक सुई शोभते. जपानच्या नभोवाणीसाठी १९६० च्या दशकाच्या आरंभी तयार झालेले डेनॉनचे डीएल-१०३ हे कार्ट्रिज जगभर नावाजले गेले. पण त्याची सुई ताठ आहे, आणि हलक्या दांडीवर त्याचा गुण प्रकट होत नाही.

दुसरी गोष्ट भाराची. दांडीला मागे सरकते वजन असेल आणि भार दोन ग्रॅमच्या आसपास ठेवता येत असेल, तर मध्यम लवचिकतेचे, सुई बदलता येणारे मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज बेताच्या संचाला पुरेसे होते. ज्या दांडीचा भार चार-पाच ग्रॅमवर कायमचा बसविलेला आहे, तिला नाजूक सुई लावणे म्हणजे ती वाकविणे होय. तेथे सिरॅमिकच योग्य. शिवाय मूव्हिंग मॅग्नेट काही मिलिव्होल्टच देते, त्यामुळे त्याला वेगळा फोनो प्रवर्धक लागतो. हा खर्च अगोदर धरला पाहिजे. भार जितका कमी तितका चांगला, हाही एक भ्रमच आहे. फार हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, उसळते, आणि उसळणारी सुई भिंतींवर आपटून जड सुईहूनही अधिक हानी करते. हिऱ्याचे टोकदेखील पाचशे ते हजार तासांनंतर बदलावे लागते. ज्याच्या घरी ७८ च्या जुन्या तबकड्या असतील, त्याने त्यांच्यासाठी रुंद टोकाची वेगळी सुई ठेवावी. लाँगप्लेची सुई त्यांच्या खाचेच्या तळाशी जाऊन केवळ धूळ वाचते.

इन्नंबूरच्या कथेत देवाने नवे काही लिहिले नाही. जे होते ते चोख वाचून दाखविले. सुईचे कामही तेवढेच आहे. महाग सुई गाण्यात भर घालीत नाही, आणि अयोग्य सुई जे वाचते ते पुढच्या पिढीसाठी पुसून टाकते. आपल्या यंत्राच्या हाताला जी साजेल ती सुई निवडणे, हा त्या गायकाच्या हिशेबातील प्रामाणिकपणा आहे.