प्रेक्षागृहाबाहेरचा उत्तरभाग : ‘इट्स अलाइव्ह थ्री’ (१९८७) आणि ध्वनिचित्रफितींचा काळ

चित्रपटाचा इतिहास बहुधा यशस्वी कृतींच्या आधारे लिहिला जातो. परंतु एखाद्या काळातील व्यवसायाची घडण आणि समाजमनातील भीती यांचा माग काढावयाचा असेल, तर दुय्यम मानल्या गेलेल्या कृतींकडे वळणे भाग पडते. थोर कृती आपल्या काळावर मात करते; दुय्यम कृती काळाच्या खुणा अंगावर तशाच वागवीत राहते. लॅरी कोहेन या अमेरिकन दिग्दर्शकाचा ‘इट्स अलाइव्ह थ्री : आयलंड ऑफ द अलाइव्ह’ हा १९८७ सालचा विज्ञानकल्पित भयपट या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. अल्प खर्चात तयार झालेला हा उत्तरभाग वॉर्नर ब्रदर्सच्या व्हिडिओ-विभागासाठी निर्माण करण्यात आला. त्याची रचना विस्कळित आहे, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. प्रश्न उरतो तो असा की, त्यातील कोणता दोष काळाच्या पदरी घालावयाचा आणि कोणता कर्त्याच्या.

या मालिकेचे मूळ १९७४ च्या ‘इट्स अलाइव्ह’ या चित्रपटात आहे. एका सुखवस्तू कुटुंबात जन्मलेले विकृत बालक जन्मताच हिंसक होते, आणि त्याचा पिता प्रथम त्याचा नाश करावयास निघून अखेर त्याला आपले म्हणून उराशी धरतो, असे त्याचे कथानक आहे. बालकाच्या विकृतीचे कारण औषधात असावे असे सूचित केले असून, आपल्यावर दोष येऊ नये म्हणून औषध-व्यवसायातील मंडळी त्या बालकाचा नाश इच्छितात. या कल्पनेमागे प्रत्यक्ष इतिहास उभा आहे. पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकले गेलेले थॅलिडोमाइड हे औषध नोव्हेंबर १९६१ मध्ये मागे घेण्यात आले. तोवर अनेक देशांत मिळून दहा हजारांहून अधिक बालके अवयवांच्या व्यंगांसह जन्मास आली होती. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी या अधिकारी विदुषीने परवानगी रोखून धरल्यामुळे त्या औषधाची सर्रास विक्री टळली आणि १९६२ मध्ये औषधविषयक कायदा अधिक कडक झाला. तथापि गर्भवतीच्या घरात औषधाच्या वाटेने अनर्थ शिरू शकतो, ही धास्ती मागे राहिली. कोहेनने तिलाच आकार दिला.

पहिल्या चित्रपटाचे प्रदर्शन १९७४ मध्ये उपेक्षित राहिले. वॉर्नरच्या व्यवस्थापनात बदल झाल्यावर १९७७ मध्ये नव्या जाहिरातीसह तो पुन्हा दाखविला गेला आणि तेव्हा त्याला भरघोस यश लाभले. त्यातूनच १९७८ चा ‘इट लिव्ह्ज अगेन’ हा दुसरा भाग निघाला. त्यानंतर नऊ वर्षे मालिका खंडित राहिली. ती पुन्हा सुरू होण्याचे कारण या अवधीत अमेरिकन घराघरांत घडलेल्या बदलात सापडते.

सोनी कंपनीचे बीटामॅक्स यंत्र १९७५ मध्ये, तर व्हीएचएस पद्धतीचे यंत्र १९७६ मध्ये जपानात आणि पुढील वर्षी अमेरिकेत विक्रीस आले. घरी कार्यक्रम मुद्रित करण्याच्या प्रथेविरुद्ध युनिव्हर्सल व डिस्ने यांनी लढविलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सोनीच्या बाजूने निर्णय दिला. तथापि आर्थिकदृष्ट्या अधिक निर्णायक ठरले ते दुसरेच एक तत्त्व. कायद्याने विकत घेतलेली प्रत तिचा मालक भाड्याने देऊ शकत होता, आणि त्या भाड्यावर निर्मात्याचा हक्क चालत नव्हता. साहजिकच निर्मात्यांनी आपला लाभ विक्रीच्या किमतीतच वसूल केला. दुकानदारांसाठी एका फितीची किंमत सामान्यतः ८० ते ९० डॉलर ठेवली जाई.

या व्यवस्थेचा परिणाम दूरगामी झाला. तिकीटविक्रीचे भाकीत करणे कठीण असते. परंतु एखाद्या नावाच्या किती प्रती दुकानदार घेतील, याचा अंदाज पुष्कळसा आधी बांधता येतो. दुकानदार चित्रपट पाहून प्रती मागवीत असे असे नव्हे. तो नाव, वेष्टन आणि प्रकार पाहून मागवी. म्हणून परिचित नावाचा उत्तरभाग हा व्यापाराच्या दृष्टीने कमी जोखमीचा माल ठरला. मर्यादित खर्चात तो तयार केल्यास प्रेक्षागृहातील यशावाचूनही भांडवल परत मिळण्याची शक्यता होती. १९८७ मध्ये कोहेनने वॉर्नरसाठी हा तिसरा भाग आणि ‘अ रिटर्न टू सालेम्ज लॉट’ असे दोन उत्तरभाग केले. दोहोंत मायकेल मोरिआर्टी हाच नायक आहे.

तिसऱ्या भागाचा प्रारंभ या मालिकेतील सर्वांत समर्थ अंशांपैकी आहे. स्टीफन जार्व्हिस या नटाच्या विकृत बालकाला पिंजऱ्यात घालून न्यायालयात आणले जाते. त्याला जगू द्यावे काय, हा वाद आहे. न्यायाधीश मृत्युदंड नाकारतो आणि अशा सर्व बालकांना निर्जन बेटावर पाठविण्याचा आदेश देतो. न्यायालयाला हा निर्णय दयेचा वाटतो. पण समाजाला त्यात नजरेआड करण्याची सोय सापडते. पुढे जार्व्हिसचे जीवनही बहिष्कृताचे होते. त्याच्याशी जवळीक केलेली स्त्री, तो कोणाचा पिता आहे हे कळताच, संसर्गाच्या भयाने हादरते. एड्सग्रस्त रायन व्हाइट या मुलाला १९८५ मध्ये इंडियाना राज्यात शाळेत येण्यास मज्जाव झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रसंगातील भय कोठून आले हे सांगावे लागत नाही.

यानंतर मात्र चित्रपटाची वीण सुटते. न्यायालयीन नाट्य, विनोद, बेटावरील साहस, क्युबातील प्रसंग यांचे सांधे नीट जुळत नाहीत. मोठी झालेली मुले म्हणून मुखवटे व वेष चढविलेले नट दिसू लागताच, पहिल्या भागात न दाखवून साधलेली भीती ओसरते. हे सर्व दोष व्हिडिओच्या बाजाराचे, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तो टाळला पाहिजे. ‘क्यू’ (१९८२) आणि ‘द स्टफ’ (१९८५) या कोहेनच्या प्रेक्षागृहांसाठी केलेल्या चित्रपटांतही हाच उतावीळपणा, ही स्वरांची सरमिसळ आढळते. यावरून असे म्हणता येईल की, चित्रपट निर्माण का झाला याचे उत्तर बाजारात आहे. तो विस्कळित का झाला याचे उत्तर बहुतांशी कर्त्याच्या पद्धतीत आहे. या दोन कारणांची गल्लत केल्यास माध्यमाचा इतिहास म्हणजे केवळ माध्यमाची निंदा होऊन बसतो.

उलट, त्याच बाजाराने कर्त्याला एक मोकळीकही दिली. नावाच्या बळावर प्रती खपणार असल्यामुळे आत काय सांगावे यावरील दडपण सैल झाले. म्हणूनच राक्षसांच्या संहाराने संपणे अपेक्षित असलेली कथा येथे वेगळा शेवट गाठते. परत आलेली मुले गोवराने मरणोन्मुख होतात. अमेरिकेत गोवराची लस १९६३ पासून उपलब्ध होती. सामान्य बालकाला जे संरक्षण सहज मिळे, ते बेटावर धाडलेल्यांच्या वाट्याला येणे शक्यच नव्हते. औषधाच्या दोषातून जन्मलेली मुले औषधाच्या अभावी मरतात. त्यांच्यामागे उरलेले तान्हे मूल जार्व्हिस आणि त्याची पूर्वपत्नी आपल्या हाती घेतात. पहिल्या भागात पित्याने जे एकट्याने स्वीकारले, ते येथे दोघे मिळून स्वीकारतात.

व्हिडिओ-दुकानांचा तो काळ आता सरला आहे. कोहेनचे २०१९ मध्ये निधन झाले. ज्या व्यवस्थेने असे असंख्य उत्तरभाग बाजारात आणले, ती नष्ट झाल्यावर त्या कृती केवळ हौशी संग्राहकांच्या आवडीचा विषय ठरण्याची भीती आहे. तसे होऊ देणे इतिहासाला परवडणारे नाही. दयेच्या नावाने केलेले निर्वासन हे मृत्युदंडाहून कितपत वेगळे असते, हा प्रश्न त्या दशकातील अनेक प्रतिष्ठित चित्रपटांनी टाळला. भाड्याच्या दुकानातील भडक वेष्टनाच्या या फितीने तो विचारला. तिची रचना सदोष आहे. तिचा प्रश्न सदोष नाही.