जकातीच्या नाक्यावरचं नाव

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला लागलं, की वैशाखऱ्याच्या पुढे नाणेघाटाची वाट फुटते. घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. व्यापारी त्यात जकात टाकत, असं आपण ऐकत आलो. कल्याण बंदरात उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरकडे चढत असे. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात कल्याणची नोंद आहे. एके काळी ते अधिकृत बंदर होतं. पुढं सत्ता बदलली आणि तिथं येणारी ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली. म्हणजे आयात-परवान्याचं भांडण आपल्या खाडीला नवं नाही.

'जकात' हा शब्द मूळचा अरबी. आमच्या घरात त्याचा अर्थ, वर्षभर शिल्लक राहिलेल्या बचतीचा चाळिसावा हिस्सा गरजूंना देणं. तो हिशोब ज्याचा त्यानं करायचा. नाक्यावर मात्र आपण सांगितलेला हिशोब दुसरा तपासतो, आणि वाद तिथंच सुरू होतो.

पुढे १९४७ च्या आयात-निर्यात नियंत्रण कायद्याखाली परवाने लागू लागले, तेही स्वातंत्र्याच्या आधीच. परवान्यावरचं नाव आणि खोक्यातली वस्तू जुळायला हवी. कवितेत एका चंद्राला दहा नावं चालतात. कस्टमच्या कागदावर एकच चालतं.

ताराचंद गुप्ता अँड ब्रदर्स यांच्याकडे १९५६ चा परवाना होता, मोटारसायकल-स्कूटरच्या सुट्या भागांचा. माल दोन खेपांत आला. खात्यानं दोन्ही खेपा एकत्र धरल्या आणि म्हटलं, हे भाग नव्हेत, ५१ 'रिक्से' मोपेड आहेत, फक्त खोललेल्या. त्यात टायर, ट्यूब आणि सीट नव्हती! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९७१ मध्ये निकाल आयातदाराच्या बाजूनं लागला : भागांचा परवाना असेल, तर ते जोडून काय होतं हे खात्यानं पाहू नये.

पण १९९० मध्ये शार्प बिझनेस मशिन्सच्या प्रकरणात फोटोकॉपी यंत्रं अशीच सुट्या भागांच्या रूपानं आली, तेव्हा त्याच न्यायालयानं तो धोरणाला बगल देण्याचा डाव ठरवला. दरम्यान १९८६ च्या नव्या शुल्कसूचीत नियमच आला होता, की न जोडलेली वस्तूही शुल्कासाठी पूर्ण वस्तूच मानावी.

१९९१ नंतर बहुतेक यंत्रांचे परवाने गेले. २०११ पासून शुल्काची आकारणी आयातदारानंच करायची आहे. तरी वर्गवारीचे वाद उरलेच. मुरबाडच्या वसाहतीत किंवा आसनगावच्या बाजूला एखाद्या लहान कारखानदाराचं यंत्र न्हावाशेव्यात अडकलं, तर भाडं चढत राहतं आणि कामगार बसून राहतात. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं १२५ वं कलम जप्तीऐवजी दंड भरून माल सोडवण्याची मुभा देतं. पंधरा वर्षं लढणं मोठ्यालाच परवडतं. लहान माणूस बरोबर असूनही दंड भरतो, कारण त्याला माल हवा असतो.

म्हणून मला वाटतं, अशा कारखानदाराला न्याय निकालात मिळण्याआधी नियमाच्या शब्दांत मिळायला हवा. २०२१ पासून मुंबईत सीमाशुल्काचं आगाऊ निर्णय प्राधिकरण आहे. माल बोटीवर चढण्याआधीच त्याचं वर्गीकरण तिथं विचारून घेता येतं. शहापूर-मुरबाडच्या प्रत्येक उद्योजकाला ही वाट ठाऊक असायला हवी. बंदरात माल अडकवून भांडण्यापेक्षा आधी विचारलेला प्रश्न कधीही स्वस्त पडतो.