कवळी ते इम्प्लांट : नव्या दातांचा जुना इतिहास

दात पडला किंवा काढावा लागला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कवळी घेऊ, ब्रिज करू की इम्प्लांट?" आणि पुढचा दात वेडावाकडा किंवा काळपट असेल तर "व्हिनिअर करून टाकू का?" या सगळ्यांची किंमत आणि टिकाऊपणा यांची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. आज थोडं वेगळ्या बाजूने बघू. हे पर्याय आले कुठून, हे कळलं की तुमच्यासाठी कोणता योग्य, हे ठरवणंही सोपं जातं.

दुसऱ्याचे दात

इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांमध्ये सोन्याच्या पातळ पट्ट्या सापडल्या आहेत. शेजारच्या दातांना या पट्ट्या गुंडाळून मध्ये पडलेल्या दाताच्या जागी दुसरा दात अडकवलेला असे. म्हणजे आजच्या ब्रिजची कल्पना अडीच हजार वर्षांहून जुनी आहे! जपानमध्ये लाकूड कोरून हिरड्यांवर नीट बसेल अशी कवळी करत. १५३८ मध्ये वारलेल्या एका बौद्ध भिक्षुणीची अशी लाकडी कवळी आजही जपून ठेवलेली आहे.

युरोपात मात्र अठराव्या शतकापर्यंत पाणघोड्याच्या सुळ्यापासून कवळ्या कोरत. हे हस्तिदंतासारखं द्रव्य तोंडात हळूहळू कुजतं. त्याला वास येई, रंग बदले. म्हणून श्रीमंतांना खरे मानवी दात हवे असत. ते कुठून यायचे? गरिबांच्या तोंडातून. गरीब मुलाचा दात काढून तिथल्या तिथे श्रीमंताच्या हिरडीत बसवण्याचा प्रकारही लंडनमध्ये चाले. रोलंडसन या व्यंगचित्रकाराने १७८७ मध्ये त्यावर चित्र काढलं. असे दात फार टिकत नसत, पण त्यांच्याबरोबर सिफिलिससारखा रोग मात्र येऊ शकत असे. पुढे १८१५ मध्ये वॉटर्लूच्या लढाईत मेलेल्या सैनिकांचे दात काढून विकले गेले, आणि अशा दातांना 'वॉटर्लूचे दात' हेच नाव पडलं.

राष्ट्राध्यक्षांची कवळी

जॉर्ज वॉशिंग्टन यांची कवळी लाकडाची होती, असं तुम्ही ऐकलं असेल. ते खरं नाही. १७८९ मध्ये अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष म्हणून शपथ घेताना त्यांच्या तोंडात स्वतःचा एकच दात उरला होता. त्यांच्या कवळ्यांमध्ये पाणघोड्याचा सुळा, धातू आणि माणसांचे दात होते. वरची आणि खालची बाजू स्प्रिंगने जोडलेली असे. तोंड मिटून ठेवायलाच जोर लावावा लागे. १७८४ च्या त्यांच्या हिशेबवहीत गुलामांकडून नऊ दात १२२ शिलिंगला घेतल्याची नोंद आहे. ते दात त्यांच्याच कवळीत बसले की नाही, हे त्या नोंदीत नाही. पण दात देणाऱ्याला 'नाही' म्हणण्याची सोय किती होती, याचा विचार तुम्हीच करा.

चिनी माती आणि रबर

यातून सुटका केली ती चिनी मातीने. फ्रान्समध्ये दुशातो नावाच्या औषधविक्याला आपल्या कवळीच्या वासाचा कंटाळा आला, आणि त्याने १७७४ च्या सुमारास पोर्सेलिनची कवळी करून घेतली. पुढे द शेमाँ या दंतवैद्याने ती सुधारली. माती कुजत नाही, आणि ती मिळवण्यासाठी कुणाचा दात उपटावा लागत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात दोन गोष्टी जवळजवळ एकदमच आल्या. १८४६ मध्ये बोस्टनला मॉर्टन या दंतवैद्याने ईथरची भूल जाहीरपणे दाखवली, आणि गुडइयर कुटुंबाच्या शोधांतून टणक रबर मिळालं. दात काढणं सुसह्य झालं आणि कवळी स्वस्त झाली. सामान्य माणसाला पहिल्यांदाच कवळी परवडू लागली. पण याची दुसरी बाजूही होती. वाचवता येणारे दातही 'एकदाचे काढून टाका' म्हणत काढले जाऊ लागले. १९३०च्या दशकात रबराची जागा गुलाबी ॲक्रिलिकने घेतली. आजची नेहमीची कवळी तीच.

सशाच्या हाडातला शोध

कवळीची मूळ अडचण मात्र तशीच राहिली. दाताचं मूळ गेलं की जबड्याचं हाड वर्षागणिक झिजतं, आणि नीट बसणारी कवळी सैल होते. याचं उत्तर अनपेक्षितपणे मिळालं. स्वीडनमध्ये १९५२ च्या सुमारास ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातला रक्तप्रवाह बघत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण नंतर काढायला गेले, तर ते निघेना! हाड धातूला घट्ट धरून बसलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला टायटॅनियमचे इम्प्लांट बसवले. ते चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्या रुग्णाच्या मृत्यूपर्यंत टिकले.

हसू सुंदर करण्याचा ध्यास

पांढरेशुभ्र दात म्हणजेच सुंदर, असं सगळीकडे कधीच नव्हतं. जपानमध्ये दात काळे करणं प्रतिष्ठेचं होतं. आपल्याकडेही जुन्या पिढीतल्या बायका दातवण लावून दात काळे करत. आजच्या 'हॉलिवूड स्माईल'ची सुरुवात १९२८ च्या सुमाराची. चार्ल्स पिंकस हे दंतवैद्य नटांच्या दातांवर चित्रीकरणापुरते पातळ पापुद्रे चिकटवत आणि काम झालं की काढून ठेवत. १९५५ मध्ये ब्युओनोकोर यांनी आम्लाने इनॅमल किंचित खरखरीत केलं तर पदार्थ त्याला पक्का चिकटतो, हे दाखवलं. मग व्हिनिअर कायमचे झाले.

तुमच्यासाठी यातून काय?

- दुरुस्त होण्यासारखा दात आधी वाचवा. रूट कॅनाल करून वाचलेला स्वतःचा दात अनेकदा विकतच्या दातापेक्षा बरा.
- व्हिनिअरसाठी बहुतेक वेळा इनॅमल घासावं लागतं, आणि ते परत येत नाही. दात फक्त पिवळसर असतील तर आधी सफाई किंवा ब्लीचिंगबद्दल विचारा.
- ब्रिजसाठी शेजारचे दात घासावे लागतात. ते निरोगी असतील तर इम्प्लांटचा विचार करा.
- इम्प्लांट किडत नाही, पण त्याभोवतीची हिरडी आणि हाड खराब होऊ शकतं. मधुमेह ताब्यात हवा. तंबाखू, मशेरी, विडी बंद हवी.
- कवळी म्हणजे कमीपणा नाही. नीट बसवलेली, रोज रात्री काढून धुतलेली कवळी चांगली साथ देते. सैल झाली तर घरी कानस मारू नका, दाखवायला या.

एकेकाळी एका माणसाच्या हसण्यासाठी दुसऱ्याला आपला दात गमवावा लागे. आज तशी वेळ नाही. मग निव्वळ फोटोत छान दिसावं म्हणून स्वतःचेच निरोगी दात घासून घेण्यापूर्वी दोनदा विचार करा, आणि तुमच्या दंतवैद्याला एक प्रश्न जरूर विचारा: "यातलं काय नंतर पूर्ववत करता येणार नाही?"