पावकी ते औटकी

दिवेलागणीला परवचा म्हणण्याची रीत महाराष्ट्रातल्या अनेक घरांत विसाव्या शतकातही टिकून होती. श्लोकांच्या जोडीला पाढे असत, आणि पूर्णांकांचे संपले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे सुरू होत. पंतोजींच्या शाळेतून आलेल्या या पाठांतरावर पुढे ‘नुसती घोकंपट्टी’ असा शिक्का बसला. घोकंपट्टी होती हे खरेच. ‘नुसती’ हा शब्द मात्र अन्यायाचा आहे. आकडेमोडीचा भार बुद्धीवरून उचलून जिभेच्या वळणावर सोपवण्याची ती अनुभवातून घडलेली युक्ती होती.

रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर. भाव शेराला साडेतीन आणे आणि माल सतरा शेर असेल, तर औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा, येणाऱ्याच्या तोंडून साडेएकोणसाठ आणे आपसूक निघत. त्यांचे तीन रुपये साडेअकरा आणे करणे एवढेच उरे. कागद महाग होता, शाळेत धूळपाटीवर गिरवत, आणि पेठेत तर गिऱ्हाईक समोर उभे असे. वजन, भाव, जुनी उधारी हे सारे एकाच वेळी ध्यानात ठेवण्याचे काम मुख्यतः कपाळामागच्या मेंदूच्या भागाकडे असते आणि त्याची झेप फार तोकडी असते. उत्तर तयार असले की ती जागा व्यवहाराच्या विचाराला मोकळी राहते.

पाढा आणि संख्येची समज मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी चालतात, याचा पुरावा मेंदूचे अभ्यासक स्तानिस्लास दहेन आणि लोरां कोएन यांनी 1997 मध्ये मांडला. मेंदूच्या डाव्या बाजूला खोलवर इजा झालेली त्यांची एक रुग्ण पाढे आणि इतर पाठ मजकूर गमावून बसली होती, पण कोणती संख्या किती मोठी हे तिला नीट कळे. दुसऱ्या रुग्णाचे पाढे शाबूत होते, मात्र वजाबाकी आणि दोन संख्यांच्या मधली संख्या सांगणे त्याला जड जाई. म्हणजे पाढा पाठ म्हणण्यात भाषेची स्मृती राबते.

यावर कोणी म्हणेल, मग पाठांतराने समज येत नाही हेच सिद्ध झाले. ते मला मान्य आहे. पंतोजींची शाळा समज देत नव्हती. छडीच्या धाकाने ती कित्येकांच्या मनात गणिताची भीतीच रुजवत असणार, आणि मुली व दलित मुले तर बहुतांशी तिच्या बाहेरच होती. पण समज हवी म्हणून पाठांतर नको, हा निष्कर्ष या पुराव्यातून निघत नाही. दोन वाटा असतील तर दोन्ही चालत्या हव्यात. दुसरा आक्षेप काळाचा. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, पाठोपाठ मेट्रिक मापे आली आणि औटकीचे रोजचे काम सरले. तिचे जाणे रास्तच होते. बे ते तीस मात्र त्या मापांवर कधीच अवलंबून नव्हते, तरी तेही त्याच शिक्क्याखाली मागे सारले गेले. त्या निर्णयाला दशमान पद्धतीचा आधार देता येत नाही.