काडीमोडीपासून हुकूमनाम्यापर्यंत

दिवाळीच्या अंकात काडीमोडीचा विषय पाहून घरातील वडील मंडळी कदाचित नाक मुरडतील. पाडव्याला पत्नीने पतीला ओवाळायचे, त्या दिवसांत हे अभद्र कशाला? परंतु एखादा समाज लग्न म्हणजे काय मानतो, हे त्याचे लग्न मोडण्याचे नियम पाहिले की चांगले कळते. म्हणून वाचकांची क्षमा मागून लिहितो.

आमचे दुधनी अक्कलकोट तालुक्यातले, सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे. येथे मराठीबरोबर कानडीही कानी पडते. मी शाळामास्तर, त्यातून कादंबऱ्या लिहिणारा; तेव्हा कुणाला कागद लिहून हवा असला की तो माझ्याकडे येतो. मागे एक बाई भावाला घेऊन आली आणि मुद्रांकाचा कागद पुढे ठेवून म्हणाली, "गुरुजी, ह्याच्यावर सोडचिठ्ठी लिहून द्या. दोघंबी सही करतो." असा कागद कोर्टात टिकेलच असे नाही, असे मी सांगताच तिने विचारले, "मग आमच्या आजीची काडी कशी चालली?"

तिचा प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर इतिहासात आहे.

धर्मशास्त्राने विवाहाला संस्कार मानले. संस्कार पुसता येत नाही. तरी कौटिल्याने परस्परद्वेष असल्यास 'मोक्ष' सांगितला, पण धर्म्य मानलेले विवाह त्यातून वगळले. पोथीबाहेरचा महाराष्ट्र मात्र निराळा होता. अनेक जातींत पंचांसमोर काडी मोडून नवरा-बायको वेगळी होत, आणि ती स्त्री पुढे पाट लावू शके. एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टील यांनी दख्खनच्या जातींचे रिवाज जमवले, ते १८२७ साली छापले गेले. त्याच वर्षीच्या मुंबई रेग्युलेशनने, लिखित कायदा नसेल तेथे देशरिवाज पाहावा, असे न्यायालयांना सांगितले. आजीची काडी चालली ती या रिवाजाच्या बळावर.

पुढे या बळाला मर्यादा पडली. नवऱ्याची संमती नसताना पत्नीला दुसऱ्या लग्नाची मोकळीक देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने १८७६ साली ठरवले.

मग आला रखमाबाईंचा खटला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न झाले; नांदायला मात्र त्या गेल्या नाहीत. दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली दावा लावला. दावा होता दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनेचा. ही कल्पना ना शास्त्रातली ना पंचांची. ती विलायतेतील चर्चच्या न्यायालयांतून आलेली. न्यायमूर्ती पिन्हे यांनी १८८५ साली निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद, असा हुकूम केला. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. अखेर १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली. पुढे विलायतेत शिकून त्या डॉक्टर झाल्या. यातला विरोधाभास पाहा: त्यांच्या विधवा आईला सुतार जातीच्या रिवाजाने दुसरे लग्न करता आले, मुलीला नको असलेल्या पहिल्या लग्नातून सुटायला पैसे मोजावे लागले.

दरम्यान प्रत्येकाची वाट वेगळी होत गेली. पारशांना १८६५ साली, ख्रिस्ती लोकांना १८६९ साली कायदा मिळाला. त्या दुसऱ्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवणे पुरे होते. बायकोला त्यावर आणखी एखादा दोष सिद्ध करावा लागे. हा भेद २००१ साली गेला. पोर्तुगालचा घटस्फोटाचा कायदा १९१० चा, तो गोव्यातही आला. मुसलमान स्त्रियांना न्यायालयात घटस्फोट मागण्याचा कायदा १९३९ साली झाला. हिंदूंसाठी सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात १९३१ साली कायदा केला, मुंबई प्रांताने १९४७ साली, आणि सगळ्या देशाला तो १९५५ साली मिळाला. परंतु त्यात एकाने दुसऱ्याचा दोष सिद्ध करायचा होता. दोघांच्या राजीखुशीने वेगळे होण्याचे कलम १९७६ साली आले. पंचांपुढच्या काडीतली संमती ती हीच; फक्त मध्ये सहा महिने विचाराला ठेवून न्यायालय दुसऱ्यांदा विचारते, आणि ही मुदत माफ करण्याची मुभाही २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने दिली.

मग काडी गेली काय? नाही. १९५५ च्या कायद्याच्या २९व्या कलमाने रिवाजाचा घटस्फोट राखून ठेवला आहे. पण तसा रिवाज आपल्या जातीत आहे, हे सांगणाऱ्याने पुराव्याने सिद्ध केले पाहिजे. ते जमले नाही तर पहिले लग्न कायम राहते आणि दुसरे रद्दबातल ठरते. आणि याची झळ बाईला लागते. १९८८ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, नवऱ्याची पहिली बायको हयात असताना लग्न झालेल्या स्त्रीला पोटगीच्या फौजदारी कलमाखाली पत्नी मानता येत नाही, असे म्हटले. पुढच्या निकालांनी फसवल्या गेलेल्या स्त्रीला आधार दिला. पण त्यासाठी तिला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्याच.

काडीच्या मागे गाव साक्षीला उभे असे. आज माणसे पुण्या-मुंबईला, सुरतेला पांगली. पंच कोण आणि साक्ष कोणाची? म्हणून मुद्रांकाच्या कागदावर विसंबू नये. स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवेतून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्याने तो हक्क दिला आहे. पाडव्याला घरी आलेल्या लेकी-बहिणींच्या कानांवर एवढी गोष्ट घातली, तरी हा विषय अभद्र ठरणार नाही.